मान वर करायची नाही

माझे दाजी योतामू साकाला हे आमच्या लुआंग्वा नदीच्या खोऱ्यातले सगळ्यात भित्रे गृहस्थ. हे मी गावात बोललो तर लोक मला वेड्यात काढतील. जखमी रानरेड्याच्या मागावर हत्तीगवतात सगळ्यांच्या आधी पाऊल टाकणारा माणूस भित्रा कसा, असं विचारतील. विचारू देत. त्यांची बायको एस्नाती माझी थोरली बहीण. शिकारीच्या छावणीत दाजींच्या शेजारच्याच खोपीत माझं अंथरूण असायचं. अवघड जनावराच्या मागावर निघायचं असलं की सकाळी ते स्वयंपाकाच्या छपरामागं जाऊन ओकायचे आणि मला ते ऐकू यायचं. आचारी म्हणायचा, "कालची बिअर बाहेर पडतेय." दाजींनी त्याला कधी खोडून काढलं नाही. दारुडा म्हणवून घ्यायला त्यांची हरकत नव्हती, भित्रा म्हणवून घ्यायला होती.

मी मात्र सोडायचो नाही. बहिणीच्या नवऱ्याची खेचणं हा आमच्यात हक्कच असतो.

"काय दाजी, कितवा महिना?"

"जुळं आहे मेहुण्या. एक तुझ्या आईकडं धाडतो सांभाळायला," तोंड पुसत ते म्हणायचे आणि गाडीकडं चालू लागायचे.  

माणूस खरा शिंपी. वडील चोरून शिकार करायचे. जंगल राखीव झालं तेव्हा पकडले गेले, तुरुंगात खोकून खोकून गेले. ते पकडले जाण्याआधी सुटीत पोराला नदीकाठी न्यायचे आणि हरणांमधला पुकूचा खूर कुठला, इंपालाचा कुठला, कुडूची मादी पोटुशी असली की मागचा पाय कसा फाकवून टाकते, हे मातीत बोट फिरवून दाखवायचे. वडील गेल्यावर आईनं पोराला मिशनमध्ये शिवणकाम शिकायला घातलं. काजं करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आजही छावणीतल्या सगळ्यांच्या फाटक्या विजारी त्यांच्याकडंच येतात. खाली बघत, टाक्यामागून टाका धरत पुढं जायची सवय मिशननं लावली, आणि ती कामाला आली जंगलात.

तिथं त्यांना आणलं टॉलमन साहेबांनी. साहेब गोरे, पण चिपाटा शहरात जन्मलेले, आमची भाषा आमच्यासारखी बोलणारे, शिव्याही आमच्याच देणारे. परदेशी पाहुण्यांना शिकारीला नेणं हा त्यांचा धंदा. कोणाला कुडूची पिळदार शिंगं हवी असतात, कोणाला रोआन हरीण, कोणाला बैलाएवढं इलंड हरीण, कोणाला रेडा. पाहुणे येतात, गोळी झाडतात, जनावराशेजारी बसून फोटो काढतात. पण त्यांची गोळी नेहमी जिथं लागायला हवी तिथं लागत नाही, आणि मग आमचं काम सुरू होतं.

त्या कामाची एक रीत आहे. जखमी जनावराच्या मागावर जो पुढं चालतो त्याच्याकडं बंदूक नसते आणि त्याची मान खाली असते. रक्ताचा थेंब, मोडलेलं पातं, उलटलेला खडा, एवढंच त्यानं बघायचं. त्याच्या मागं बंदूकवाला. त्याची नजर वर. गवतातून काय उठतंय ते बघणं त्याचं काम. तिसरा मी, बंदूक टेकवायच्या काठ्या आणि पाणी घेऊन. माझी नजर मागं, कारण जखमी रेडा वळसा घालून आपल्याच मागाशेजारी येऊन थांबतो. पुढच्यानं काही झालं तरी मान वर करायची नाही. केली, तर तुझ्यावर माझा भरवसा नाही, असं मागच्याच्या तोंडावर सांगितल्यासारखं होतं. आमच्याकडं याहून मोठा अपमान नाही. मान वर करणाऱ्याला कोणी पुन्हा बरोबर नेत नाही.

दाजींची सगळी भिस्त या रीतीवर होती. "मला पुढचं दिसत नाही म्हणून तर मी जातो," एकदा ते मला म्हणाले होते. "दिसलं असतं तर केव्हाच पळालो असतो. माझी भीती साहेबांकडं ठेवायला दिलीय मी." साहेबांनी ती नीट सांभाळली होती, हेही खरं. एकदा त्यांनी रेडा इतक्या जवळ पाडला की त्याची लाळ दाजींच्या पोटरीवर उडाली, आणि तेव्हाही दाजी खालीच बघत होते. त्या दिवसापासून खोऱ्यात दाजींचं नाव झालं. खरं तर नाव दोघांचं व्हायला हवं होतं.

नवरा मागावर असताना घरच्या बाईनं कोणाशी भांडायचं नाही, असं आमच्यात मानतात. भांडली तर नवऱ्याच्या पायाखालचा माग पुसला जातो म्हणे. एस्नातीला अख्खा दिवस भांडणाशिवाय काढणं म्हणजे शिक्षाच. शेजारीण मुद्दाम तिच्या दारात कोंडा सांडायची, आणि माझी बहीण दात आवळून मक्याच्या पिठाचा न्सिमा ढवळत बसायची. दाजी परतले की दोघींचं जे काही तुंबलेलं असेल ते बाहेर पडायचं. ते ऐकलं की गावाला कळायचं, योतामू सुखरूप आला.

मग आलं ते कुडूचं प्रकरण.

काटेरी झुडपात कुडूचा मोठा नर उभा होता, राखाडी अंगावर पांढऱ्या रेघा, फांद्यांत मिसळून गेलेला. कुडू असाच असतो, पण साहेबांना तो आमच्याआधी दिसायचा. त्या दिवशी पाहुणा विचारत होता, कुठाय, कुठाय, आणि साहेब दुर्बीण लावून भलतीकडंच बघत होते. दाजी हळूच त्यांच्या कानाशी गेले. "साहेब, दुहेरी खोडाच्या डावीकडं. शेपूट हलवतोय." साहेबांनी दुर्बीण फिरवली. "हां, तोच तर बघतोय मी," म्हणाले, आणि पाहुण्याला नीट समजावून सांगितलं. कुडू पडला. पाहुणा खूश झाला. दाजी मात्र परतीच्या वाटेवर गाडीत साहेबांच्या डोळ्यांकडंच बघत बसले.

त्यानंतर तो हंगामभर तेच. दाजी कुजबुजायचे, साहेब बोलायचे. वारुळाच्या उजवीकडं रोआन. तळ्यापलीकडं पुकूचा नर, एक शिंग मोडलंय. मोपाने झाडाच्या सावलीत इलंड, तीन. पाहुण्यांना काही कळायचं नाही, आचाऱ्यालाही नाही. मला कळलं, कारण मी मागं चालायचो आणि साहेबांचे पाय बघायचो. सपाट वाटेवरही ते पाय उंच उचलून, चाचपत टाकायला लागले होते.

"दाजी, साहेबांना दिसत नाही."

"गप बस."

"अहो, तुम्ही त्यांना सांगा."

"काय सांगू? तुमचे डोळे गेले म्हणून सांगू? तुझ्या बापाला सांगितलं होतंस तू, कान गेले म्हणून?"

नव्हतं सांगितलं. आमच्यात सांगतच नाहीत. म्हाताऱ्याला ऐकू येईनासं झालं की आपण मोठ्यानं बोलायला लागतो. त्याचे पाय अडखळायला लागले की त्याच्या वाटेतला दगड गुपचूप उचलतो. तोंडानं बोललं की ते दुखणं त्याच्यावर कायमचं बसतं, असं मानतात. दाजी साहेबांच्या वाटेतले दगड उचलत होते. चूक तिथंच झाली, आणि आमच्या खोऱ्यातल्या कोणीही तीच केली असती. दगड उचलले गेल्यामुळं साहेबांना कळलंच नाही की ते अडखळताहेत.

कुडूच्या वेळी कुजबुजता येतं. कुडू काही अंगावर येत नाही. पण रेड्याच्या मागावर दाजींची मान खाली असणार, मग कुजबुजणार कोण? हे आमच्या दोघांच्याही डोक्यात होतं. बोलायचं कोणी नाही. मी प्रार्थना करायचो की पाहुण्यांना कुडूच हवे असू देत, पुकूच हवे असू देत.

दुसऱ्या हंगामात एक पाहुणा आला, त्याला रेडाच हवा होता. पहाटेपासून तो हात चोळत होता. गोळी झाडली ती पोटात लागली. रेडा कण्हला, पाठ वाकवून नदीकडच्या हत्तीगवतात शिरला, आणि गवत पुन्हा सरळ उभं राहिलं. त्या गवताच्या पलीकडं तळं आहे. उन्हाळ्यात आमच्या बायका टोपल्या घेऊन तिथं मासे धरायला येतात. एस्नातीही येते. पोटात गोळी घेऊन बसलेला रेडा तिथं सोडून जाता येत नाही.

साहेबांनी पाहुण्याला गाडीतच बसवलं. शिकारीवर लक्ष ठेवायला बरोबर असलेला सरकारी रखवालदार त्याच्यासोबत थांबला. त्याला पुढं चल म्हटलं नाही म्हणून तो फार खूश दिसला. रेड्याला थोडा वेळ द्यायचा असतो, म्हणजे तो आखडतो. आम्ही झाडाखाली थांबलो. दाजी झाडामागं गेले आणि ओकले. परत आले तेव्हा त्यांचे ओठ राखाडी पडले होते.

"सांगा आता तरी," मी पुटपुटलो. "नाहीतर मी सांगतो."

"तू सांगितलंस तर काय होईल? ते एकटेच आत जातील. त्यांना ओळखत नाहीस तू." दाजींनी माझं मनगट धरलं.  "माझ्यामागं नीट बघ म्हणजे झालं."

"मागचं माझ्याकडं आहे. पुढचं कोणाकडं आहे?"

 साहेब उठले, बंदुकीत गोळ्या भरल्या आणि दाजींच्या पाठीवर थाप मारली. "चल यो. डोळे आहेत तुझ्या मागं."

मला आजवर अनेकदा भीती वाटली आहे, पण त्या गवतातली भीती वेगळी होती. गवत डोक्याच्या वर गेलेलं, वारा बंद, आत गुराच्या गोठ्यासारखा वास. माझं काम मागं बघण्याचं, पण मला मागं बघवत नव्हतं. पुढं दाजींची वाकलेली मान दिसत होती. मानेवर घाम, घामावर माश्या, आणि ते माश्या हाकलत नव्हते. रक्त होतं. आधी थेंब, मग पात्यांच्या बाजूला पुसलेलं, मांडीएवढ्या उंचीवर. ते ओलं होतं. मला बोंब मारून पळावंसं वाटत होतं. पळालो नाही ते धीर होता म्हणून नव्हे, तर एकटं पळायची भीती जास्त होती म्हणून.

मग दाजी थांबले. रक्ताचा माग सरळ पुढं जात होता, मलाही दिसत होता. पण ते पाऊल टाकेनात. मानेवर हळूहळू घडी पडली. मला आधी कळलंच नाही काय चाललंय, कारण त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान वर केली होती.

साहेबांनीही ते पाहिलं. त्यांचा पाठीमागून दिसणारा कान लाल झाला. "मान खाली," ते दातांमधून म्हणाले.

दाजींनी मान खाली घातली नाही. डावीकडं वळवली. "साहेब, डाव्या हाताला. उभा आहे."

साहेबांनी डावीकडं पाहिलं. मीही पाहिलं. आपण अंगणातल्या उखळीकडं बघतो तितक्या जवळ, गवताच्या सावलीत, नाक पुढं काढून तो उभा होता आणि आमच्याकडं बघत होता. त्याच्या नाकपुडीतून रक्ताचा बुडबुडा आला आणि फुटला.

"तिथं काही नाही, यो," साहेब म्हणाले. "वारूळ आहे."

माझ्या विजारीतून पाणी गेलं. लपवण्यात अर्थ नाही, एस्नातीनंच ती धुतली.

दाजी एक पाऊल मागं आले. त्यांनी साहेबांच्या बंदुकीची नळी हातात धरली. हे तर मान वर करण्याहूनही वाईट. ती त्यांनी वळवली, स्वतःच्या खांद्यावर टेकवून धरली आणि म्हणाले, "साहेब, त्या वारुळावर झाडा. माझ्यासाठी झाडा."

वारुळाचा कान हलला. साहेबांनी तो पाहिला की दाजींचं ऐकलं, मला आजही ठाऊक नाही. त्यांनी गोळी झाडली. रेडा डोकं न झुकवता आमच्यावर आला, गवत दोन्हीकडं आडवं पडलं, आणि इतक्या जवळून तो साहेबांनाही दिसला असावा, कारण दुसरी गोळी त्यांनी स्वतःच्या नेमानं झाडली. तो आमच्या पायांपाशी गुडघ्यावर आला. नंतर बराच वेळ तो कण्हत होता, आणि आम्ही तिघं एकमेकांना धरून उभे होतो. बार कानाशीच झाला होता, दाजींच्या कानातून रक्त येत होतं. त्या कानानं त्यांना पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

साहेब खाली बसले. हात पुढं करून त्यांनी रेड्याचं शिंग चाचपलं, कपाळ चाचपलं.

"तू मान वर केलीस."

"केली साहेब."

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"गेल्या हंगामापासून."

"मग ते कुडू?" साहेबांचा आवाज बसला होता. "ते रोआन? ते सगळे?"

"मी फक्त जागा सांगत होतो. नेम तुमचाच होता."

"मला वाटत होतं मला दिसतंय," साहेब म्हणाले, आणि त्यांनी रेड्याचं शिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. म्हाताऱ्या माणसाला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दाजींनी त्यांना उठवलं. 

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांतला पडदाच गेलाय, इलाज नाही. साहेबांनी बंदुका विकल्या आणि मुलीकडं चिपाट्याला राहायला गेले. छावणीत नवा बंदूकवाला आला, जवान, घारीच्या नजरेचा. त्यानं पहिल्याच दिवशी दाजींना पुढं घेतलं. जखमी इंपाला होता, बकरीएवढं जनावर, त्याला कोण घाबरणार? दाजी थोडंसं चालले आणि त्यांनी मान वर केली. पुन्हा खाली घातली. पुन्हा वर केली. नवा साहेब सभ्य होता, त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. दाजी स्वतःच बाजूला झाले.

"मेहुण्या, तू हो पुढं."

"दाजी, या साहेबाला दिसतं."

"ठाऊक आहे. तो नव्हे, माझी मानच ऐकत नाही."

तेव्हापासून पुढं मी चालतो. दाजी छावणीत कातड्यांना मीठ लावतात, विजारी शिवतात. ओकणं थांबलं, पण आता जेवतानाही ते भिंतीला पाठ लावून बसतात. घास तोंडाशी नेताना खाली बघत नाहीत, दाराकडं बघतात. एस्नाती लेकराच्या नावानं हाक मारून म्हणते, "टेलेझाचे बाबा, ताटात रेडा नाही, भेंडी आहे." ते हसतात आणि दाराकडंच बघत राहतात.

परवा पाऊस सरल्यावर साहेब आले. मुलीनं गाडीनं आणून सोडलं. त्यांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. दाजींचा चेहरा त्यांनी हातांनी चाचपला, कानाशी थांबले.

"अजून पुढंच चालतोस ना, यो?"

"हो साहेब. दुसरं काय येतंय मला?"

मी जमिनीकडं बघत उभा राहिलो.

साहेबांना तळ्यापर्यंत पायी जायचं होतं. "बंदूक नको. नुसतं ऐकायचंय मला," म्हणाले. दाजींचा चेहरा उतरला, पण नाही कसं म्हणणार? दाजी पुढं, त्यांच्या खांद्यावर साहेबांचा हात, मागं मी. ऊन कलतं होतं. दाजींच्या पाठीवर घामाचा पट्टा उमटला होता.

तळ्याशी पुकूंचा कळप होता. आम्ही जवळ गेलो तशी एकानं धोक्याची शिट्टी घातली, मग दुसऱ्यानं. साहेबांचा चेहरा उजळला.

"पुकू. आपल्याला बघून ओरडतायत ना?"

"आपल्यालाच साहेब," दाजी म्हणाले.

पुकू आमच्याकडं बघत नव्हते. सगळ्यांची तोंडं गवताकडं होती. गवतात काय आहे ते मला दिसत नव्हतं, दाजींनाही नसावं. त्यांनी एकेक पाऊल टाकत साहेबांना हळूच वळवलं. "तळं गढूळ झालंय साहेब. चला, एस्नातीनं मासे तळलेत."

"थरथरतोयस तू."

"वय झालं माझंही."

साहेब चालत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी खांद्यावरचा हात वर सरकवला, मानेच्या अगदी जवळ. "यो, एक विचारू?" ते म्हणाले. "मान खाली आहे ना रे तुझी?"

साहेबांना तो जुना भरवसा हवा होता, हे मला कळलं. दाजींनाही कळलं असणार. त्यांची मान पूर्ण वळलेली होती, साहेबांच्या डोक्यावरून ते त्या गवताकडं बघत होते, पापणीही न हलवता.

"खालीच आहे, साहेब," दाजी म्हणाले.